आधी पंखा बंद करा

गेल्या महिन्यात बहिणीच्या पाटल्या मोडायला गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गेलो होतो. सोबत भाचा होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेढीवरच्या माणसानं पाटल्या हातात घेतल्या आणि काट्याकडं वळायच्या आधी, वर न बघताच, हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं. मग काचेच्या पेटीचं दार सरकवलं, पाटल्या आत ठेवल्या, दार लावलं आणि मांडीवर हात ठेवून गप्प बसला. दशांश चिन्हापुढं तीन आकडे होते. शेवटचा आकडा चार, सात, पाच, चार असा नाचत होता. तो ठरेपर्यंत माणूस एक शब्द बोलला नाही.

भाच्याला राहवलं नाही. "मामा, फिनलंडला एका शास्त्रज्ञानं सुपरकंडक्टर फिरवून वरच्या वस्तूचं वजन दोन टक्क्यांनी कमी केलं होतं. नासानं दाबून टाकलं सगळं."

पेढीवाल्यानं पहिल्यांदाच मान वर केली. "दोन टक्के घट आम्हीबी धरतोय की. त्याला फिनलंड कशाला पायजे?"

हसण्यावारी गेलं. पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तो बंद केलेला पंखा फिरत राहिला. पंचवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवताना मला जे धड सांगता आलं नाही, ते त्या माणसानं एका बटणात सांगून टाकलं होतं. आणि भाच्यानं सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती. म्हणजे तसा दावा झाला होता, हे खरं आहे. पुढं काय झालं, ते त्याच्या मोबाइलपर्यंत पोचलंच नव्हतं.

सुपरकंडक्टर म्हणजे अतिथंड केल्यावर ज्याचा विद्युतरोध पार नाहीसा होतो असा पदार्थ. झालं ते असं. १९९२ मध्ये फिनलंडमधल्या टाम्परे इथल्या तंत्रविद्यापीठात काम करणारे रशियन संशोधक येव्गेनी पॉडक्लेत्नोव यांनी एका सहकाऱ्यासोबत 'फिजिका सी' या नियतकालिकात शोधनिबंध छापला. यिट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांच्या काळ्या सिरॅमिकची १४५ मिलिमीटर व्यासाची, ६ मिलिमीटर जाडीची चकती. ती अतिथंड करून चुंबकीय क्षेत्रात तरंगत ठेवली. तिच्या वर टांगलेल्या ५.४८ ग्रॅमच्या तुकड्याचं वजन ०.०५ टक्क्यानं कमी झालं, आणि चकती फिरवल्यावर ही घट ०.३ टक्क्यापर्यंत गेली, असा दावा होता. चार वर्षांनी मोठी चकती, मिनिटाला ५,००० फेरे, आणि घट दोन टक्क्यांच्या घरात. हा दुसरा निबंध छापून येण्याआधीच सप्टेंबर १९९६ मध्ये लंडनच्या एका रविवारच्या वर्तमानपत्रानं बातमी फोडली. निबंधावर सहलेखक म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांनी या कामाशी आपला संबंध नसल्याचं सांगितलं. विद्यापीठानं हात झटकले. पॉडक्लेत्नोव यांनी निबंध मागं घेतला आणि त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं.

आता गुजरीतला हिशोब मांडू. ५.४८ ग्रॅमचा ०.०५ टक्का म्हणजे पावणेतीन मिलिग्रॅम. पेढीवरच्या काट्याच्या शेवटच्या आकड्यात तीनाचा फरक. तो तुकडा काचेच्या जातीचा होता, म्हणजे त्याचं आकारमान दोन-अडीच घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर हवेचं वजन सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास भरतं. पंचगंगेत घागर बुडवली की ती हलकी लागते, तशीच प्रत्येक वस्तू हवेतही किंचित हलकी भरते. त्या तुकड्याला हवा जो आधार देत होती, तो सुमारे तीन मिलिग्रॅमचा होता. जेवढी घट सापडली, जवळजवळ तेवढाच. हवा थंड झाली की दाट होते. उणे दीडशे अंशाला ती दुपटीहून दाट होते आणि तिचा आधारही दुपटीहून वाढतो. ज्या प्रयोगात खाली द्रवरूप हेलियमनं थंड केलेली चकती आहे, वर मिलिग्रॅममध्ये मोजायचं वजन आहे, आणि शेजारी चुंबकं धडधडताहेत, तिथं पावणेतीन मिलिग्रॅम कुठं गेले हे विचारायला आधी गुरुत्वाकर्षणाच्या दारात जायचं कारण नाही. हवेच्या झोतापासून तुकडा झाकला होता, असं पॉडक्लेत्नोव सांगतात. असेलही. पण ते खरोखर पुरेसं होतं का, हे दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या जागी, पुन्हा मोजून सांगायचं असतं.

आणि तसं मोजलं गेलं. 'दाबून टाकलं' म्हणणाऱ्यांना हेच माहीत नसतं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले सी. एस. उन्नीकृष्णन यांनी १९९६ मध्येच, त्याच 'फिजिका सी'मध्ये, सुपरकंडक्टर गुरुत्वाकर्षण अडवतो का, असाच मथळा देऊन निबंध छापला. उत्तर नकारार्थी होतं. कोल्हापुरातून रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी ज्या शहरात उतरतो, तिथं हे काम झालं. पण आपल्यापर्यंत फिनलंड पोचलं, मुंबई पोचली नाही. १९९७ मध्ये नासाच्या हंट्सव्हिलच्या केंद्राशी संबंधित गटानं स्थिर चकतीवर प्रयोग केला. दहा कोटीत दोन भाग एवढ्या बारकाईपर्यंत काही सापडलं नाही. या गटात निंग ली होत्या. सुपरकंडक्टर आणि गुरुत्वाकर्षण यांचा संबंध असू शकतो असं गणितानं मांडणाऱ्या, म्हणजे अशा दाव्यांच्या बाजूनं उभ्या राहणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ. २००१ मध्ये त्यांच्या कंपनीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून साडेचार लाख डॉलरच्या आसपास अनुदानही मिळालं. त्यातून काही निष्पन्न झाल्याचं छापून आलं नाही. त्या 'गायब झाल्या' अशा चित्रफिती अजून फिरतात. २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं, एवढंच. २००३ मध्ये टोरोंटोच्या जॉर्ज हॅथवे आणि सहकाऱ्यांनी फिरत्या चकतीवर, पॉडक्लेत्नोव यांच्याहून कितीतरी बारीक मोजणाऱ्या साधनांनी पुन्हा बघितलं. हाती शून्य.

दाबून टाकणं म्हणतात ते हे असतं काय? तीन देशांत पैसे घालून मोजलं आणि निकाल छापले.

समर्थकांचा शेवटचा बुरूज असा, की 'तंतोतंत तसा प्रयोग कुणी केलाच नाही.' तेवढी मोठी, दोन थरांची चकती कुणाला धड करता आली नाही, तेवढा वेग गाठला नाही. यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण मग ती पाककृती कुणी द्यायची? खासबागेत एखाद्याचं नाव पुकारलं, समोरचा लांग चढवून उभा आहे, आणि हा तीस वर्षं आखाड्यात उतरतच नाही, तर कुस्ती बरोबरीत सुटली असं कुणी म्हणत नाही.

याच काळ्या सिरॅमिकची दुसरी गोष्ट इथं सांगायला हवी, कारण 'शास्त्रज्ञ नवं काही मान्यच करत नाहीत' या तक्रारीला तीच उत्तर आहे. १९८६ मध्ये झुरिकजवळ बेडनॉर्त्स आणि म्युलर यांना एका सिरॅमिकमध्ये अपेक्षेपेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला विद्युतरोध नाहीसा झालेला दिसला. ही गोष्ट त्या काळच्या समजुतीला धक्का देणारी होती. सिरॅमिक म्हणजे वीज अडवणारी वस्तू, विजेच्या खांबावर बसवतात ती. १९८७ च्या सुरुवातीला यिट्रियमवाला पदार्थ आला, ९३ केल्विनला, म्हणजे उणे १८० अंशांना सुपरकंडक्टर होणारा, म्हणजे स्वस्त द्रवरूप नायट्रोजनमध्ये चालणारा. पुड्या मोजा, खला, साडेनऊशे अंशांच्या आसपास भाजा, ऑक्सिजनमध्ये सावकाश थंड करा. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी तो केला, मुंबई-बंगळुरूनंही केला. त्याच वर्षी दोघांना नोबेल. म्हणजे तोच पदार्थ, तेच नियतकालिकांचं जग, तेच संशयी शास्त्रज्ञ. एक दावा आठवड्यांत पुन्हा करून दाखवता आला, दुसरा तीस वर्षांत नाही. यात कट शोधायचा तर पहिल्या दाव्याच्या वेळी कटवाले सुटीवर होते म्हणायचं.

आता तरंगण्याबद्दल थोडं, कारण गोंधळाचं मूळ तिथं आहे. वाफाळत्या नायट्रोजनमध्ये बुडवलेली चकती आणि तिच्यावर अधांतरी चुंबक, हे दृश्य कुणालाही भुलवणारं आहे. मलाही पहिल्यांदा बघितल्यावर पोटात गोळा आला होता. पण ते चुंबक गुरुत्वाकर्षणातून सुटलेलं नसतं. सुपरकंडक्टर चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगात शिरू देत नाही, आणि त्या ढकलण्यावर चुंबक उभं असतं. हा सगळा सरंजाम, पातेल्यासकट, काट्यावर ठेवा. चुंबक खाली टेकलेलं असो की वर तरंगत असो, काटा तेच वजन दाखवील. एका पैलवानानं दुसऱ्याला खांद्यावर घेतलं म्हणून दोघांच्या पायाखालच्या मातीवरचा भार कमी होत नाही. १९९७ मध्ये नेदरलँड्समध्ये आंद्रे गाइम यांनी १६ टेस्लाच्या चुंबकात जिवंत बेडूक तरंगवला, त्यात तर सुपरकंडक्टर तरंगत नव्हताच. बेडकाच्या अंगातलं पाणीच चुंबकाला किंचित ढकलतं. बेडकाचं वजन होतं तेवढंच होतं. त्याला नुसता आधार मिळाला होता.

आणखी एक गोष्ट. पॉडक्लेत्नोव यांचं म्हणणं होतं, की चकतीच्या वरचा हलकेपणा उंचीबरोबर कमी होत नाही, वरच्या मजल्यावरही तो सापडतो. हे खरं असेल तर एक रहाट असा बसवा, की त्याची एक बाजू चकतीच्या वर येईल. ती बाजू दोन टक्के हलकी, दुसरी जड. रहाट फिरत राहील. त्याच्यावर दुसरा रहाट, त्यावर तिसरा, आभाळापर्यंत. खाली चकती एकच, तिचं वीजबिल तेवढंच. असं जर असतं तर शाहू महाराजांना राधानगरीचं धरण बांधायची उठाठेव करायची गरज नव्हती.

मग हे सगळं मूर्खपणाचं होतं आणि पै खर्च करायला नको होती, असं माझं म्हणणं आहे का? अजिबात नाही. इथं माझी माझ्याच विवेकवादी मित्रांशी फारकत होते. बिंदू चौकातल्या चहाच्या गाड्यावर आमचा यावर वाद झाला. त्यांचं म्हणणं, असल्या दाव्यांना हात लावणं म्हणजे प्रतिष्ठा देणं. मला वाटतं हात लावावा. एकदा, नीट, उघड्यावर, सरकारी पैशानंसुद्धा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांत गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. इतरांनी तसे दंडगोल बांधले, काही सापडलं नाही. वेबर चुकले होते. पण त्यांना चुकीचं ठरवता ठरवता मोजणाऱ्यांची एक पिढी तयार झाली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेला खरी लहर सापडली. त्याच मालिकेतली वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात होते आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिला २,६०० कोटी मंजूर केले. लायगोवाले स्वतःवर किती संशय घेतात बघा. २०१० मध्ये त्यांच्यातल्याच मोजक्या लोकांनी यंत्रात गुपचूप खोटा संकेत घातला, बाकीच्या शेकडो जणांनी महिनोन् महिने त्यावर काम केलं, निबंध लिहून तयार ठेवला, आणि मग पाकीट उघडून सांगितलं की ही परीक्षा होती. कुणी रागावून राजीनामा दिल्याचं ऐकिवात नाही.

सुपरकंडक्टरच्या बाबतीत मला सगळ्यात आदर वाटतो तो मार्टिन टायमार यांचा. ऑस्ट्रियातल्या त्यांच्या गटानं २००६ मध्ये नायोबियमचं कडं अतिथंड करून फिरवलं आणि शेजारच्या संवेदकांत एक संकेत मिळाला. फिरती वस्तू आपल्याभोवतीचा अवकाश किंचित ओढते, हे आइन्स्टाइनच्या सिद्धांतात आहेच. पण इथं ती ओढ सिद्धांताहून अब्जावधी पटींनीही मोजता येणार नाही इतकी मोठी दिसत होती. न्यूझीलंडच्या गटाला ती दिसली नाही. टायमार यांनी यंत्र सुधारत नेलं, कंपनं अलग केली, आणि संकेत विरत गेला. त्यांनी तेही छापलं. पुढं ड्रेस्डेनला जाऊन त्यांनी इंधनाशिवाय ढकलणाऱ्या म्हणे अशा एका इंजिनाचीही अशीच शहानिशा केली. तिथंही तारांची आणि उष्णतेची करामत निघाली. आपलाच दावा आपणच काट्यावर ठेवून पाडणारा माणूस. त्याच्यावर मात्र कुणी चित्रफीत करत नाही.

आणि गंमत म्हणजे, सुपरकंडक्टर गुरुत्वाकर्षणाच्या कामी खरोखर येतात. बदलायला नव्हे, मोजायला. २००४ मध्ये सोडलेल्या 'ग्रॅव्हिटी प्रोब बी' या उपग्रहात क्वार्ट्झच्या चेंडूंवर नायोबियमचा मुलामा होता. ते सुपरकंडक्टर असल्यामुळंच त्यांचा अक्ष किती ढळला हे वाचता आलं, आणि २०११ मध्ये पृथ्वीच्या त्या अवकाश-ओढीचं माप हाती आलं. वर्षाला ३७ सहस्रांश विकला. अंश, त्याचा साठावा भाग कला, तिचा साठावा विकला, आणि तिचेही हजार तुकडे. नायोबियमचा पोकळ चेंडू तरंगत ठेवून जमिनीखालच्या पाण्याची चढउतार टिपणारी यंत्रं जगभर आहेत. ज्या वस्तूनं गुरुत्वाकर्षण अडवलं असं सांगतात, तीच वस्तू ते सगळ्यात इमानानं मोजते.

मग प्रश्न उरतो तो आपला. आपल्याकडं असा दावा आला की आपण काय करतो? २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या दोघांनी सोन्या-चांदीच्या सूक्ष्म कणांत उणे ३७ अंशांना सुपरकंडक्टिव्हिटी सापडल्याचं जाहीर केलं. अभिमानाच्या बातम्या आल्या. नंतर अमेरिकेतल्या एका तरुण संशोधकाच्या लक्षात आलं, की दोन वेगवेगळ्या मोजण्यांतला 'गोंगाट', म्हणजे आकड्यांचं जे नाचणं कधीच सारखं यायला नको, ते ठिपक्याला ठिपका सारखं आहे. गुजरीतला शेवटचा आकडा दोनदा अगदी त्याच क्रमानं नाचला, तर पेढीवालासुद्धा काटा तपासायला पाठवील. जुलै २०२३ मध्ये कोरियाहून एलके-९९ नावाचा पदार्थ आला, खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर होणारा म्हणे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं तो पदार्थ लगोलग करून बघितला आणि सांगितलं, की आमच्या नमुन्यात सुपरकंडक्टिव्हिटी नाही. त्या आठवड्यात मी दोन मराठी वाहिन्यांवर कोरियाची बातमी बघितली. दिल्लीची एकावरही दिसली नाही.

आणि 'नासा' हा शब्द. आपल्या भागात राइस पुलरच्या नावानं किती लोक बुडाले आहेत, हे कुठल्याही पोलीस ठाण्यात विचारा. तांब्याचं जुनं भांडं, त्यात इरिडियम, तांदूळ ओढून घेतं, नासा कोट्यवधींना घेणार. मांडुळाच्या वजनावर बोली लावणारेही आहेत. शिकलेली माणसं त्यात पैसे घालतात. पॉडक्लेत्नोव ठक होते असं मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण 'नासानं घेतलंय' आणि 'नासानं दाबलंय' ही दोन वाक्यं एकाच खिशातून निघतात. दोन्हीत मोजणं वगळलेलं असतं.

माझ्या मते दोष आधी आमचा, शिकवणाऱ्यांचा. काही वर्षांपूर्वी एका विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. भुदरगड बाजूची नववीतली एक मुलगी आली होती. चुंबकातून काढलेल्या पाण्यानं ज्वारी जोमानं वाढते, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. तिनं चाळीस कुंड्या घेतल्या, वीस साध्या पाण्याच्या, वीस चुंबकाच्या. कुंडी कुठली कुठल्या पाण्याची, हे मोजणाऱ्या भावाला सांगितलं नव्हतं. एवढी अक्कल मी एमएस्सीच्या प्रकल्पांत क्वचित बघितली आहे. तीस दिवस रोपांची उंची वहीत लिहिली. फरक नव्हता. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी विचारलं, "मग निष्कर्ष काय? काहीच नाही?" ती म्हणाली, "काहीच नाही, सर." बक्षीस ज्वालामुखीला गेलं, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरवाल्या. त्या तक्त्यावर माझीही सही आहे. पीएचडीच्या प्रबंधाला 'नावीन्य' लागतं, मासिकाला 'नवे निष्कर्ष' लागतात, प्रदर्शनाला धूर निघावा लागतो. दुसऱ्याचं मोजमाप पुन्हा करून बघणाऱ्याला आमच्या व्यवस्थेत खुर्ची नाही. जिल्ह्याच्या प्रदर्शनात एक बक्षीस फक्त यासाठी ठेवा, की कुणाचातरी दावा घेऊन तो तपासला आणि काय निघालं ते लिहिलं. एमएस्सीचा एक प्रकल्प छापील निबंधातला प्रयोग पुन्हा करण्याचा असू द्या, आणि त्याला पूर्ण गुण द्या. याला कोट्यवधी लागत नाहीत. आणि बातमीदारांनी 'वादग्रस्त' हा शब्द लावताना एकदा विचारावं, की वाद कुणाकुणात आहे. मोजणाऱ्यांत असेल तर लावा. मोजणारे एका बाजूला आणि न मोजणारे दुसऱ्या बाजूला असतील, तर त्याला दुसरा शब्द शोधा.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं नाही. तो ऐकलाच नसता. त्याला म्हटलं, करून बघू. आपल्या जिल्ह्यात द्रवरूप नायट्रोजन दुर्मीळ नाही. म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी डॉक्टर मोटरसायकलवर जी टाकी घेऊन फिरतात, तिच्यात तोच असतो, उणे १९६ अंशांचा. ओळखीच्या डॉक्टरांकडून थर्मासभर आणला. माझ्या जुन्या कॉलेजातला काटा मिळाला, त्याला खालून हूक असतो. काचेची गोटी दोऱ्यात अडकवून हुकाला टांगली, ५.५१२ ग्रॅम. मग थर्मास खालून हळूहळू वर आणला, गोटी वाफेत आली. ५.५११. ५.५०९. भाचा श्वास रोखून होता. दोन मिनिटांनी गोटीवर पांढरं दव धरायला लागलं आणि आकडा उलटा चढत ५.५१५ च्या पुढं गेला.

"मामा, तीन मिलिग्रॅम कमी झालं होतं. आणि सुपरकंडक्टर तर आपण आणलाच नाही."

त्यानं वहीत तारीख घातली, आकडे लिहिले. मग वर बघितलं आणि कपाळावर हात मारला. पंखा चालू होता.